न हललेला आकडा

मी एक जुनी टाकी आहे. पाण्याची नव्हे, मित्रांनो. माझ्या पोटात द्रवरूप नायट्रोजन असतो, बर्फालाही हुडहुडी भरावी इतका थंड. मला दोन भिंती आहेत. त्यांच्यामधली हवा कारखान्यातच काढून घेतलेली असल्याने बाहेरची ऊब आत येत नाही. तरीही नायट्रोजन रोज थोडाथोडा उडून जातोच आणि तो वेळेवर भरावा लागतो. एवढे नीट लक्षात ठेवा.

मी या प्रयोगशाळेत आले, त्याच वर्षी डॉक्टरबाई आल्या. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाच कर्करोगाशी लढायला शिकवायचे, हा त्यांचा ध्यास. पेशी बाहेर काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांत नवे जनुक पोचवायचे आणि त्या रोग ओळखू लागल्या की त्याच माणसाच्या शरीरात परत सोडायच्या. पाहणीला आलेले एक बडे गृहस्थ हसून म्हणाले, "रक्ताला शाळेत घालता की काय, बाई?"

"घालते. आणि हजेरीही मीच घेते," बाई म्हणाल्या.

नऊ वर्षे ती शाळा नापास होत राहिली. जनुक आत शिरेना. शिरले तर पेशी जगेनात. पेशी जगल्या तर उंदीर दगावले. बाई माझे झाकण उघडत, जपून ठेवलेल्या कुप्या काढत आणि पुन्हा आरंभ करत.

दहाव्या वर्षी जमले; पहिला बरा झालेला रुग्ण एक सुतार होता. त्याने बाईंना एक लाकडी पट्टी करून दिली, सेंटीमीटरच्या खुणा कोरलेली. ती माझ्या तळापर्यंत बुडवायची, बाहेर काढून हवेत धरायची. जिथवर हिम चढेल तिथवर नायट्रोजन. बाईंनी ती रोज सकाळी बुडवली.

पुढे माझ्या अंगावर एक पडदा बसवला गेला. त्यावर पातळीचा आकडा सेंटीमीटरमध्ये आपोआप दिसू लागला आणि पट्टी खिळ्याला टांगली गेली. गेल्या महिन्यात बाईही निवृत्त झाल्या. आता मला सांभाळते ती त्यांच्याच हाताखाली तयार झालेली संशोधिका. अखंड बोलते, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात.

त्याच सुमारास माझ्या वरच्या खणात एक पिशवी आली. गणिताच्या एका शिक्षिकेच्या, शिकवून तयार केलेल्या पेशी. आजार इतका बळावला होता की पुन्हा रक्त काढून नव्याने पेशी करणे शक्य नव्हते. होती ती एवढीच पिशवी. गुरुवारी ती त्यांना द्यायची होती.

आणि नेमकी तेव्हाच माझी भिंत दगा देऊ लागली. कुठेतरी सूक्ष्म चीर गेली, ऊब आत झिरपली, नायट्रोजन भराभर उडू लागला. पडद्यावरचा आकडा मात्र चाळीसवर अडकला. चिमणी रोज येई, चाळीस वाची, वहीत चाळीस लिही आणि निश्चिंत मनाने जाई. मी आतून रिकामी होत होते. तीस. वीस. बारा. मला तोंड आहे, पण त्यावर झाकण आहे; ओरडणार कशी?

मंगळवारी बाई किल्ल्या परत करायला आल्या. निघताना सवयीने त्यांनी वही चाळली.

"चिमणे, अकरा दिवस चाळीसच?"

"हो बाई. आपली म्हातारी टाकी एकदम ठणठणीत आहे."

"रोज नायट्रोजन उडतो आणि आकडा हलत नाही? पट्टी आण."

"अहो, पण पडद्यावर..."

"पट्टी आण म्हणते ना."

पट्टी तळाला टेकली. बाहेर आली तेव्हा हिम चढले फक्त चार सेंटीमीटर. चिमणीने धावत जाऊन शेजारच्या टाकीचे झाकण उघडले.

पिशवी तातडीने तिच्यात गेली. पण पेशी वाचल्या होत्या का? पिशवीशेजारी त्याच पेशींची एक छोटी कुपी तपासणीसाठी ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी चिमणीने ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. बाई मागे उभ्या होत्या, खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत.

"शंभरात ब्याऐंशी जिवंत," चिमणी हळूच म्हणाली.

"सत्तर लागतात. चालतील." मग बाई बसल्या.

गुरुवारी पिशवी दिली गेली. शिक्षिकेला गुण येतो की नाही, हे कळायला महिना लागेल. माझा जीव अजून टांगणीला आहे.

मला दुरुस्त करायचे की भंगारात काढायचे, तेही अजून ठरलेले नाही. भंगारात काढले तरी मी कुरकुर करणार नाही. पट्टी तेवढी माझ्या जागी येणाऱ्या टाकीला द्या. आणि मित्रांनो, आकडा खाली घसरताना दिसला तर घाबरू नका, भरा. पण रोज बदलायला हवा तो आकडा जागचा हलला नाही, तर तो वहीत उतरवून मोकळे होऊ नका. झाकण उघडा, पट्टी बुडवा आणि हिम कुठवर चढते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.