आईला सांग

आमच्या घरात गुपित सांगायला कुजबुजावं लागत नाही. आईकडे पाठ केली की पुरे. मग खुशाल मोठ्यांदा बोला, तिच्याबद्दल तक्रार करा, तिला पत्ता लागत नाही. मी शाळेत असताना एका तापात तिचे कान गेले आणि तेव्हापासून ती समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखते. डॉक्टर झाले, कानात घालायची यंत्रं झाली, बोललेलं लिहून दाखवणारा फोनही झाला. पण आमच्या दुकानातल्या करवतीच्या आवाजात तो फोन ‘काच’ म्हटलं की ‘काका’ लिहायचा, म्हणून आईने तो नाद सोडला.

आमचं दुकान फ्रेमा करायचं. बाबा लाकडाच्या पट्ट्या कापून कोपरे जुळवतात, आई काच कापते. काचेवरून कापायचा हिरा फिरला की रेघ नीट पडली की नाही, हे बाकीचे लोक आवाजावरून ओळखतात. आई बोटांनी ओळखते, आणि तिची काच बाबांनी कधीमधी कापलेल्या काचेपेक्षा कमी फुटते. हे बाबांना मान्य नाही.

माझं काम बोलायचं. गिऱ्हाईक येतं, मान खाली घालून स्वतःच्या फोटोशीच बोलतं, आणि मी ते आईला तोंड वर करून पुन्हा सांगते. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात. त्यामुळे ‘पैसे नंतर दिले तर चालतील का’ असं विचारणाऱ्या एका भल्या माणसाला आईने ‘म्हैस आम्हाला आत्ताही नको आणि नंतरही नको’ असं ठणकावून सांगितलं होतं. ‘मामा’ आणि ‘बाबा’ यांतही तिला फरक दिसत नाही. म्हणून बाबांचं नाव घ्यायचं तर मी वरच्या ओठावर बोट नेऊन नसलेल्या मिशीला पीळ देते. ती आमची बाबांची खूण.

बाबांच्या मिशीबद्दल थोडं सांगायलाच हवं. ती लग्नाच्या फोटोतही आहे. जाड, खाली उतरलेली, वरचा ओठ पुरता झाकून खालच्या ओठाचीही चौकशी करणारी. बाबांचा वरचा ओठ मी जन्मात पाहिला नव्हता. त्यांचं बोलणं आईला वाचता येत नाही ते त्यामुळेच. ‘हो’, ‘नाही’, ‘जेवलीस का’ एवढं डोळ्यांवर आणि मानेवर भागतं. त्यापुढचं सगळं माझ्यामार्फत. आईला सांग, उद्या काच येणार आहे. आईला सांग, माझं डोकं दुखतंय. आई हातभर अंतरावर बसलेली असली तरी बाबा माझ्याकडे बघून म्हणतात, आईला सांग, चहा छान झालाय. मी सांगते. वर्षानुवर्षं सांगत आले. यात काही वेगळं आहे असं आमच्यापैकी कुणाला वाटलंच नाही.

अशा घरातून मला परदेशात शिकायला जायचं होतं. लोक आमच्याकडे कसरीने खाल्लेले फोटो आणतात, गोंदाने चिकटवून वाट लावलेली चित्रं आणतात. आम्ही त्यांना सुंदर फ्रेम करून देतो आणि आतलं चित्र तसंच मरत राहतं. मला ते चित्र वाचवायला शिकायचं होतं. जुन्या कागदांची दुरुस्ती शिकवणारी विद्यापीठं मुळात थोडी, त्यातल्या दोन ठिकाणी मला प्रवेश मिळाला. आमच्या घरात त्यांची नावं कुणी घेतली नाहीत. एक ‘जवळचं’, एक ‘लांबचं’.

जवळचं म्हणजे विमानाने पोचायला फार वेळ नाही, तिथलं घड्याळ साधारण आमच्यासारखंच, लहानशा सुट्टीतही घरी येता येईल असं. शिकवणं बरं. लांबच्या ठिकाणी कागदाची कार्यशाळा अशी की तिचे फोटो बघताना मला जेवायची आठवण राहायची नाही. तिथल्या बाईंनी मुलाखतीत माझं काम बघितलं आणि विचारलं, हा गोंद कुणी लावला? मी लावला, म्हटलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, पहिले काही महिने तुला हे विसरायला शिकवू. मी तिथेच त्यांच्या प्रेमात पडले. पण तिकडे सकाळ होते तेव्हा आमची दुकान बंद करायची वेळ, आणि थंडीत तिथे दुपारीच दिवे लावावे लागतात. फोनवर आईला दिसायला माझ्या तोंडावर उजेड तर हवा.

मामाच्या ओळखीचा एक सल्लागार होता. परदेशी जाणाऱ्या मुलांना वाट दाखवणं हा त्याचा धंदा. त्याने आम्हा तिघांना बोलावलं. भिंतीवर जगाचा नकाशा, टेबलावर गुळगुळीत पुस्तिका, आणि हा माणूस बोलताना संगणकाकडे बघायचा आणि हनुवटीवरचा हात तोंडावर न्यायचा. आईला त्यातलं अक्षरही दिसत नव्हतं. तो बराच वेळ बोलला. खरं शिकायचं असेल तर लांबचंच घ्या, जवळच्या ठिकाणी पदवी मिळेल पण हात तयार होणार नाही, अशी संधी सोडणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. आई माझ्याकडे वळली. मी सांगितलं, दोन्ही चांगली आहेत म्हणतोय.

“एवढा वेळ तेवढंच म्हणत होता?”

हो, लांबण लावायची सवय आहे त्याला, मी म्हटलं. बाबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि सल्लागाराचे आभार मानले.

उत्तर द्यायची मुदत संपत आली तसं मी घरात जाहीर करून टाकलं की जवळचं ठरलं. खर्च कमी, हवा बरी, जेवणाचे हाल नाहीत, अशी कारणं मी आईला एकेक करून नीट ओठ हलवून सांगितली. तिने सगळी वाचून घेतली आणि म्हणाली, तुझं तू ठरवलंस ना, मग झालं. मला हायसं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. रात्री अंथरुणावर पडले की त्या बाईंचं हसणं आठवायचं आणि मी कूस बदलायची.

मुदतीच्या आदल्या दिवशी दुकानात एका केशकर्तनालयाच्या आरशांचं काम चाललं होतं. मोठाले आरसे भिंतीला टेकून उभे होते. आई मागच्या टेबलावर काच पुसत होती. मी तिच्याकडे नीट पाठ करून आरशाची कड धरली होती आणि बाबा चौकट बसवत होते.

“सल्लागार वेगळंच सांगत होता,” बाबा म्हणाले.

मला रागच आला. माहीत होतं तर तेव्हाच का बोलला नाहीत, असं मी विचारलं. ते चौकटीचा कोपरा दाबत राहिले. मग मीच बोलले. लांब गेले तर आईशी बोलणार कोण? गिऱ्हाईक काय म्हणतंय ते कोण सांगणार? मी उठेन तेव्हा तिचा दिवस संपलेला. दिवसभर ती या दुकानात नुसती तोंडं हलताना बघत बसेल. आणि तुम्ही तर करवतीशी बोलाल, पण तिच्याशी नाही बोलणार. हे सगळं मी चांगल्या चढ्या आवाजात म्हटलं, कारण आमच्या घरात तशी सोय आहे.

बाबांना ते लागलं. त्यांनी एक खिळा ठोकला, मग दुसरा. दुसऱ्याची गरज नव्हती.

“तू लांबच्याच ठिकाणी जा,” ते म्हणाले. “आईला सांग, मी बोलत जाईन तिच्याशी.”

मला आधी हसू आलं आणि मग रडू यायला लागलं. बाबा, तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला तरी ऐकू आलं का, असं मी विचारणार होते. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तो नेहमी रस्त्यापर्यंत जातो.

“काय म्हणाले हे?”

मी वळले. आई आमच्याकडे बघत नव्हती. ती समोरच्या आरशात बघत होती, आणि आरशात मी आणि बाबा दोघंही तोंडासकट होतो. इतक्या वर्षांत पाठ करून बोलायची मला एवढी सवय झाली होती की पाठ कशाच्या समोर केली आहे हे बघायचं मी विसरले.

“तुझं सगळं दिसलं मला,” आई म्हणाली. “यांचं नाही कळलं. काय म्हणाले?”

मी सवयीने तोंड उघडलं. मग मिटलं. मी म्हटलं, त्यांनाच विचार, आणि कात्री शोधण्याच्या निमित्ताने दुसऱ्या कोपऱ्यात गेले. मागे बाबा काहीतरी बोलले. आई म्हणाली, काय? ते पुन्हा बोलले, या वेळी मोठ्याने, जणू त्याने काही होणार होतं. आई पुन्हा म्हणाली, काय? मला वळून सांगून टाकावंसं वाटत होतं. हात शिवशिवतात म्हणतात तसे माझे ओठ शिवशिवत होते.

“मला मिशी दिसते,” आई म्हणाली. “बोलणं दिसत नाही.”

बाबा गडबडले. त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, आईला सांग, इतकी वर्षं हे बोलली का नाही. एवढं मात्र मी सांगितलं.

“ही पोरगी होती ना मधे. कशाला बोलू?” आईने काचेवरचा फडका घडी करून ठेवला. “आणि मला आवडायची ती मिशी.”

मग ती माझ्याकडे वळली. जवळचं आवडलं असेल तर खुशाल तिथे जा, म्हणाली, पण माझे कान त्यात ओढू नकोस. आईमुळे राहिले, असं तू मला जन्मभर ऐकवशील, आणि ऐकायला तर मला येत नाही. यावर ती स्वतःच हसली. मी हसले नाही. ती जा म्हणत होती ते ठीक, पण बोलणार कोण या प्रश्नाला उत्तर कुठे मिळालं होतं? उद्या बघू, एवढंच मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनीच दुकान उघडलं. बाबांनी खुणेनेच सांगितलं होतं की मागून येतो. माझ्या फोनवर दोन्ही विद्यापीठांची पानं उघडी होती, दोन्हीवर होकाराचं बटण. गिऱ्हाईक नव्हतं. खिळे मारायच्या यंत्रासाठी हवा भरणारा पंप घरघरत होता, म्हणजे माझ्याही कानांचा फारसा उपयोग नव्हता.

दारात एक माणूस येऊन उभा राहिला. मी ‘या, काय हवंय’ असं म्हणेपर्यंत तो आत आला, आणि त्याच्या अंगावर बाबांचा शर्ट होता. नाकाखाली फिकट, कोवळी कातडी, तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. आणि खाली वरचा ओठ. पातळ, थोडासा वाकडा, अगदी माझ्यासारखा. एवढी वर्षं हा माझा ओठ आईकडून आला असं मी धरून चालले होते.

बाबांनी आत येताच माझ्याकडे बघितलं. “आईला सां...” म्हणाले, आणि थांबले. मग काउंटरला वळसा घालून ते आईच्या टेबलापाशी गेले आणि दारातून येणारा उजेड तोंडावर पडेल असे उभे राहिले. आई हातातला हिरा तसाच धरून बघत होती.

बाबा बोलायला लागले. त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि पंप घरघरत होता. मला फक्त त्यांची मान हलताना दिसली. बाबा सलग एवढं बोलतात हे मला माहीत नव्हतं. आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती, कपाळाला आठी घालून, एखादी नवी काच तपासावी तशी. मध्येच तिने त्यांना थांबवलं.

“म्हैस कुठून आली आता?”

बाबांनी ते पुन्हा सांगितलं, सावकाश. पुढे त्यांची मान खाली गेली तर आईने हनुवटीला बोट लावून ती वर केली. बाबा बोलत राहिले. आईचे डोळे भरले आणि तिने ते पुसले नाहीत, पुसले असते तर मधलं काहीतरी वाचायचं राहिलं असतं. शेवटी ती म्हणाली, “हो. कळलं.”

मी पंप बंद केला. उशीरच झाला होता. बाबा डोळ्यांवर चष्मा चढवून करवतीकडे निघून गेले. मला नोकरीवरून काढून टाकल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर इतका आनंदही मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. मी आईसमोर जाऊन उभी राहिले. वरच्या ओठावर बोट नेलं, पीळ दिला आणि नीट ओठ हलवून विचारलं, बाबा काय म्हणाले?

आईने माझ्या बोटाकडे बघितलं, मग पलीकडच्या त्या उघड्या, वाकड्या ओठाकडे.

“तुला काय करायचंय?” ती म्हणाली. “तू तुझं ते लांबचं बटण दाब.”