देखणा गज

मी गज आहे. गज म्हटलं की कुणाला खिडकीचे गज आठवतात, कुणाला कापड मोजायचा गज, आणि जास्त शिकलेल्यांना हत्ती. मी यांतला कुणीच नाही. ठासणीच्या रायफलीला लागतो तो लाकडी गज मी. जिच्यात मागून काडतूस भरता येत नाही, अशा जुन्या तऱ्हेच्या रायफलीत नळीच्या तोंडातून आधी दारू ओततात, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी ठेवतात, आणि ती गोळी तळाशी दारूवर नीट बसेपर्यंत गजाने ठासतात. नेमबाजी आटोपली की गजाच्याच टोकाला ओली चिंधी लावून नळीतली काजळी पुसतात. काम एवढंच. तेवढंही माझ्याकडून धड झालं नाही, म्हणून स्वतःबद्दल बोलताना माझा आवाज जरा खालीच असतो.

चांगला गज करायचा तर लाकूड करवतीने कापत नाहीत, फाळतात. फाळलं की ते आपल्या शिरेनेच दुभंगतं, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिरा सरळ राहतात. अशा गजावर कितीही जोर द्या, तो वाकेल आणि परत सरळ होईल. मी मात्र उरलेल्या फळीतून कापून काढलेला. त्या फळीत एक सुंदर नागमोडी पट्टा होता, आणि तो माझ्या वाट्याला आला. कारागिराने मला गोल केलं, घासलं, तेल पाजलं. अंगावर सोनेरी-तपकिरी लाटा उठल्या. दोन्ही टोकांना पितळी टोपणं बसली. पण मधोमध, हाताच्या बोटाएवढ्या जागेत, माझ्या शिरा तिरक्या होऊन अंगाबाहेर जात होत्या. म्हणजे तिथे मी लाकूड कमी आणि देखावा जास्त होतो.

तो कारागीर म्हणजे दुकानाचा मालकच. सगळे त्यांना बंदूकवाले काका म्हणत. जन्मभर बार ऐकून त्यांचा एक कान पार गेला होता आणि दुसरा जायच्या बेतात होता. त्यामुळे ते साधं ‘या, बसा’ म्हणाले तरी भांडण चाललंय असं वाटे. त्यांनी मला ठासायच्या गजांमध्ये ठेवलं नाही. वेगळं, काचेच्या कपाटात उभं केलं. मला वाटलं, हा मान आहे. बाजूच्या साध्या, फिक्या, बिनरेषांच्या गजांकडे मी कीव करत बघायचो. आज ते आठवलं की अंगावरचं तेल सुकतं.

एके दिवशी पडद्याच्या कापडाचा एक दुकानदार आला. त्याला सगळे भाऊ म्हणत. त्याची थोरली बहीण जुन्या बंदुकांच्या क्लबात नेम मारायची. आई लवकर गेल्यावर तिनेच याला वाढवलेलं. शाळेचे बूट, लग्नातला सूट, दुकानातली पहिली कात्री, सगळं ताईने दिलेलं. तिचा जुना गज दमटपणाने वाकडा झाला होता, आणि ताईला आपणही एकदा काही द्यावं म्हणून भाऊ निघाला होता. हेतू चांगलाच होता. मी हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याच्यावर चिडाल.

त्याने कपाटाबाहेरूनच माझ्याकडे बोट केलं.

“हा द्या.”

“तो शोभेचा आहे!” काका त्यांच्या नेहमीच्या आवाजात गरजले. “फार तर नळी पुसायला घ्या! ठासायला नको! तुम्हाला यातलं कळत नाही वाटतं?”

काकांना खरंच फक्त विचारायचं होतं. पण दुकानात आणखी तिघं-चौघं होती. ती वळून बघू लागली. एक जण हसलाही. भाऊचे कान लाल झाले.

“माझी बहीण क्लबात पहिली येते,” तो म्हणाला. “मला नका शिकवू. मला हाच पाहिजे.”

“बरं! पण तिला सांगा, पुसायला म्हणून दिलाय!”

भाऊने मान डोलावली. काकांनी मला कागदात गुंडाळलं. जाताना मला केवढा आनंद झाला होता! साध्या गजांकडे एकदा वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ताईचं चष्म्यांचं दुकान होतं. भिंगं घासणं, दांड्या बसवणं, डोळ्यांना दिसतील न दिसतील असे स्क्रू चिमट्याने फिरवणं, हे तिचं काम. तिची बोटं लांब आणि शांत होती. कागद सोडून तिने मला उचललं, दिव्याखाली फिरवलं, आणि तिचा चेहरा उजळला. मग सवयीप्रमाणे तिने मला दोन्ही टोकांना धरलं. नवा गज हाती आला की ती आधी तो वाकवून बघायची. मी घाबरलो. खरं तर तेव्हाच मोडलो असतो तर सुटलो असतो.

“पण ठासायला चालेल ना रे?” तिने विचारलं.

भाऊ क्षणभर अडखळला. “काकांनी स्वतःच काढून दिला. म्हणाले, ताईंसाठी यापेक्षा चांगला नाही.”

“काकांनी दिला? मग बघायला नको,” ती म्हणाली, आणि मला वाकवायचं सोडून खाली ठेवलं.

एवढंसं वाक्य. त्याला वाटलं असेल, भेटवस्तूचं कौतुक जरा वाढवलं तर काय बिघडलं. जिभेला हाड नसतं म्हणतात. मला तरी कुठे होतं?

पहिले काही बार नीट गेले. क्लबातली माणसं मला हातात घेऊन बघत, आणि ताई सगळ्यांना सांगायची, “माझ्या भावाने दिलाय.” भाऊ मागे बाकावर बसून ऐकायचा. मी इतका फुगलो होतो की नळीत शिरायला मला जागा अपुरी पडायला हवी होती.

स्पर्धेच्या दिवशी हवा कोरडी होती. अशा हवेत दारूची काजळी नळीत घट्ट धरते. एकेका बारानंतर गोळी जड जाऊ लागली. मध्येच नळी पुसायला हवी होती, पण ताईचा नेम लागत होता आणि तिला लय मोडायची नव्हती. गोळी अर्ध्यात अडली. ताईने पद्धतीप्रमाणे मला नळीच्या तोंडाजवळ आखूड धरलं आणि जोर दिला. तिचं काही चुकलं नाही. चांगल्या गजाने तो जोर सहज सोसला असता.

मी त्या तिरक्या शिरांवरून फाटलो. मोडलो म्हणवत नाही, कारण मोडलेलं लाकूड बोथट असतं. मी सुऱ्यासारखा उभा चिरलो, आणि पुढे चाललेला तिचा हात थेट माझ्यावर आला. तळहातातून शिरून मी मागून बाहेर निघालो.

ती खाली बसली, आणि आपल्याच हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसं बघत राहिली. मला तिचं रक्त लागलं. नुकतंच तेल प्यायलेल्या माझ्या लाकडाने ते शोषलंही नाही, नुसतं अंगावरून ओघळत राहिलं.

कुणीतरी विचारलं, “हा गज दिला कुणी?”

“बंदूकवाल्या काकांनी,” ताई दात आवळून म्हणाली. “माझ्यासाठी म्हणून काढून दिला होता. असला गज!”

भाऊ तिचं मनगट धरून शेजारीच बसला होता. तो बोलला असता तर तेव्हाच सगळं संपलं असतं. तो मूग गिळून बसला.

माझा खालचा तुकडा नळीत अडकला होता, तो मागाहून कुणीतरी काढला. वरचा तुकडा, म्हणजे आजचा मी, भाऊने गडबडीत उचलून नेला आणि आपल्या दुकानात पडद्यांच्या ताग्यांमागे खुपसला. तिथल्या अंधारात मला पुष्कळ ऐकू आलं. ताईची दोन बोटं पुरती मिटत नाहीत. स्क्रू हातातून निसटतात. नाजूक कामं तिने दुसऱ्या दुकानाकडे पाठवायला सुरुवात केली आहे. भाऊ तिच्याकडे फिरकला नव्हता. फोन आला की तो म्हणायचा, “ताई, दुकानात फार गर्दी आहे गं.” आणि दुकानात त्या वेळी फक्त तो आणि मी असायचो.

एकदा क्लबातले एक गृहस्थ पडदे घ्यायला आले. बोलता बोलता म्हणाले, “त्या बंदूकवाल्याकडे आता आमच्यातलं कुणी जात नाही. बहिऱ्याला स्वतःची चूकसुद्धा ऐकू येत नाही!” आणि हसले. भाऊने कापडावर कात्री चालवली ती भलतीच तिरकी गेली.

त्याची बायको हिशेबाच्या टेबलाशी बसली होती. गिऱ्हाईक गेल्यावर तिने विचारलं, “अहो, ताईंच्या हाताला तुमचा काय दोष? असं तोंड लपवून का राहता?”

“तुला नाही कळायचं.”

“मग कळेल असं सांगा ना.”

त्याने सांगितलं नाही. पण त्या दिवशी तो ताग्यांमागे आला, मला बाहेर काढलं, माझ्या चिरलेल्या टोकावर अंगठा फिरवला, आणि पुन्हा आत ठेवलं. मी त्याला ओळखत होतो. आम्ही दोघंही वरून गुळगुळीत होतो.

शेवटी ताईच त्याच्या दुकानात आली. हाताला पट्टी होती.

“तो तुकडा तुझ्याकडेच आहे ना? घे आणि चल. मला काकांना जाब विचारायचाय. इतकी वर्षं त्यांच्यावर विश्वास ठेवला मी.”

“जाऊ दे ना ताई. झालं ते झालं.”

“माझा हात गेला, आणि तू म्हणतोस जाऊ दे?”

वाटेत भाऊच्या हाताच्या घामाने मी ओला झालो होतो.

काकांचं दुकान रिकामं होतं. साधे गज जसेच्या तसे उभे होते, त्यांच्यावर बारीक धूळ बसली होती. काकांनी ताईचा हात पाहिला आणि खुर्ची पुढे केली. ताई बसली नाही.

“काका, हा गज तुम्ही माझ्यासाठी निवडलात?”

काकांना नीट ऐकू आलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात भाऊ खालच्या मानेने पुटपुटला, “त्यांनी नाही निवडला.”

“काय?” काका गरजले. “मोठ्याने बोला!”

दार उघडं होतं. शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघू लागला. भाऊचे कान पुन्हा लाल झाले. एकदा सांगायलाच त्याला इतके दिवस लागले होते, आता तेच ओरडून सांगायचं होतं.

“तुम्ही नको म्हणाला होतात!” तो ओरडला. “ठासायला नको, शोभेचा आहे, असं म्हणाला होतात! मी ऐकलं नाही! आणि ताईला खोटं सांगितलं, की तुम्हीच काढून दिला!”

रस्त्यावरचे दोघं थांबले. ताईने भाऊकडे पाहिलं. मला वाटलं, ती चांगल्या हाताने त्याच्या मुस्काटात मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“लाकूड मोडलं, त्याचं एक वेळ चालेल,” ती हळू म्हणाली. “पण तू काकांचं नाव घेतलंस म्हणून मी तो वाकवून बघितला नाही. आणि मग या माणसाला चार लोकांत बोलले मी. त्याचं काय करू रे?”

भाऊ रडू लागला. मोठी माणसं रडतात तसं, आवाज न करता, नाक पुसत.

ताई काकांकडे वळली, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाली, “काका, माझं चुकलं. क्लबात मी स्वतः सांगेन.”

काकांनी मला हातात घेतलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. “मीही कुठे धुतल्या तांदळासारखा? शीर तिरकी आहे, हे कापतानाच दिसलं होतं. चुलीत घालायचा, तर पट्ट्याच्या मोहाने कपाटात ठेवला. आणि ठेवला म्हणजे कुणीतरी मागणारच. मी विकायला नको होता.”

तिघांनी आपापली लाज अशी समोर ठेवली. मला मात्र तोंड नव्हतं. ज्याने हात फाडला तो एकटाच गप्प होता.

मग भाऊने डोळे पुसले आणि विचारलं, “काका, ठासायला कुठला घेऊ?” सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं. काकांनी त्याला शीर कशी बघायची ते दाखवलं. एक डोळा मिटून, गज उजेडाकडे धरून, टोकापासून टोकापर्यंत. त्याने दोन गज परत ठेवले. तिसरा एकदम फिका, बिनचेहऱ्याचा होता. तो त्याने पोटाशी धरून चांगला वाकवला आणि ताईपुढे केला.

ताईने तो घेतला. आणि त्याच्या डोळ्यांदेखत, दुखऱ्या हाताने जमेल तेवढा, स्वतः पुन्हा वाकवून बघितला.  तेवढं त्याने सोसलं. मग दोघं बाहेर पडली, आणि गज भाऊच्याच हातात होता.

ताईने क्लबात सांगितलं, गिऱ्हाइकं हळूहळू परत आली. ती दोन बोटं आली नाहीत. नाजूक स्क्रू आता ती डाव्या हाताने फिरवायला शिकते आहे.

मी काकांकडेच राहिलो. त्यांनी माझं टोक घासून बोथट केलं, आणि आता ते मला बुडवून वंगणाचा डबा ढवळतात. माझ्यावर कुणाचा भार पडत नाही. काळ्या तेलाखाली माझे पट्टे दिसत नाहीत, आणि मला तेच बरं वाटतं. नवं गिऱ्हाईक आलं की काका मला डब्यातून उपसतात, पुसतात, आणि माझी तिरकी शीर दाखवतात. रोज उघडं पडायचं, याची सवय अजून झालेली नाही.

तुम्हाला एकच विनवणी. कुणासाठी गज निवडायला गेलात, तर रंग बघू नका, दुकानदाराला दोनदा विचारा, लोक हसले तर हसू द्या. आणि कुणी काहीही सांगितलं असलं तरी तो आधी वाकवा, चांगला जोर लावून वाकवा. मोडायचाच असेल, तर त्याला दुकानातच मोडू द्या.