लोडर नंबर चारचा लाल दिवा

मी इंजिनचा माणूस. इजिप्तमधल्या मिन्या शहराच्या पूर्वेला, पांढऱ्या दगडाच्या खाणींवर, एकवीस वर्षं इंजिनं खोलतोय. या मितवल्लीनं एकदा निदान केलं की ती काळ्या दगडावरची रेघ, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे बहुतेक वेळा मीच म्हणतो, पण ते असू द्या. वायरवाल्यांबद्दल मला कधीच आदर नव्हता. ना यांचे हात काळे होत, ना यांची कंबर मोडत. काखेत मीटर मारून यायचं, इकडे टोचायचं, तिकडे टोचायचं, आणि आमच्या बरोबरीनं स्वतःला उस्ता, म्हणजे उस्ताद कारागीर, म्हणवून घ्यायचं! तर अशा एका वायरवाल्याबद्दल मला सांगायचंय. उस्ता शहाताबद्दल.

चार नंबरचा लोडर आमच्या खाणीवर लबीब चालवायचा. सव्वीस वर्षं त्याच कामावर. घरच्या म्हशीला जपावं तसा तो यंत्राला जपायचा. सकाळी तेल बघितल्याशिवाय चावी लावायची नाही, गार इंजिनला ताण द्यायचा नाही. ‘माझ्या हातून एकही इंजिन मेलेलं नाही,’ हे त्यानं पोरीच्या लग्नात व्याह्यांनासुद्धा ऐकवलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला तो लोडर माझ्या शेडमध्ये आला, गिअरबॉक्सच्या कामाला. केबिन उचलून बाजूला ठेवली, काम केलं, केबिन परत बसवली. आता आमचे मालक हाजी रिफाई यांची एक हौस आहे. शेडमधून निघणारं यंत्र नवरीसारखं दिसलं पाहिजे. सांगाड्यापासून बादलीपर्यंत नवा पिवळाधम्मक रंग, मग बोकड कापायचा, आणि रक्तात तळवा बुडवून दारावर पंजा उठवायचा, दृष्ट लागू नये म्हणून. तसं सगळं यथासांग झालं. भात-मटण हाणून आम्ही ढेकर दिले, आणि तिसऱ्या दिवशी लोडरच्या पॅनेलवर तेलाचा लाल दिवा लागला.

लबीबनं तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. लाल दिवा लागला की थांबायचं, हा त्याचा धर्म. पुन्हा चालू केलं, पुन्हा लागला. ट्रकांची रांग मागे रस्त्यापर्यंत गेली. मी गेलो तर म्हणतो कसा, “मितवल्ली, केबिनमधला पंखा लावला की दिवा लागतो. पंखा बंद केला की विझतो.”

“अरे वा! म्हणजे तेलाला वारा लागून सर्दी होते म्हण की!” मी म्हणालो. ट्रकवाले पोट धरधरून हसले. मलाही माझा विनोद आवडला.

“देवाशप्पथ सांगतो...”

“देवाला तेलपंपातलं काय कळतंय? तू कमी तेलावर चालवलंस, पंप गेला. मला ऐकू येतंय ना!”

तेलाचा दाब मोजायचं प्रेशर गेज लावून बघायला वीस मिनिटं लागतात. मी लावलं नाही. माझे कान असताना गेज कशाला? अशी माझी मिजास.

हाजींनी ते ऐकलं आणि भर रांगेसमोर, सगळ्या ट्रकवाल्यांच्या देखत लबीबला झापलं. “डोळे गेले तुझे, लबीब! जाळलंस माझं इंजिन. उतर खाली.”

लबीब उतरला. बसायची गादी काखेत घेतली आणि वजनकाट्याच्या सावलीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशीही. मी विचारलं, “घरी का जात नाहीस?”

“घरी काय सांगू?” तो म्हणाला. “मी इंजिन जाळलं असं सांगू?” बायकोला अजून काहीच माहीत नव्हतं. मला जरा कसंसंच झालं, पण निदान केलं होतं ना! आता माघार घेतली तर मितवल्ली कसला?

शनिवारी मी इंजिन खोलणार होतो. हाजींच्या मेव्हण्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं त्याआधीच, गुरुवारी, समालूत गावाहून उस्ता शहाताला बोलावलं. फटफटीवरून एक काटकुळा चाळिशीतला माणूस उतरला. दोन फुंकरींत उडून गेला असता. त्यानं लोडरकडे बघितलंसुद्धा नाही.

“चालवतं कोण?” त्यानं विचारलं.

“चालवत होता,” मी म्हणालो आणि वजनकाट्याकडे बोट दाखवलं.

हा पठ्ठ्या सरळ तिकडे गेला आणि लबीबच्या शेजारी मातीत मांडी घालून बसला. चहा प्यायला. अर्धा तास! लबीब हातवारे करकरून सांगत होता आणि हा मधे मधे एवढंच विचारत होता, “मग? हॉर्न वाजवल्यावर? मोठे दिवे लावल्यावर?” मी लांबून बघत होतो आणि माझं डोकं तापत होतं.

“ओ उस्ता,” मी ओरडलो, “यंत्र इकडे आहे! बिघाड काय लबीबच्या पोटात आहे का?”

“हो, त्याच्यापाशीच होता,” शहाता कपडे झटकत म्हणाला. “इतके दिवस त्याच्याकडे कुणी मागितलाच नाही.”

मग माझ्याकडे आला आणि अगदी अदबीनं म्हणाला, “उस्ता मितवल्ली, इंजिन तुमचं. तुमच्या हातानं तेवढं प्रेशर गेज लावा. मी त्यात हात घालणार नाही.”

मी गेज आणलं. लावलं. इंजिन चालू केलं. काटा चढला आणि जिथे असायला हवा तिथे जाऊन ठाम उभा राहिला. तेलपंप ठणठणीत. लबीबनं पंखा लावला, पॅनेलवर लाल दिवा लागला, आणि गेजचा काटा तसूभर हलला नाही. माझे कान उन्हानं लाल झालेत असं मी दाखवायचा प्रयत्न केला.

“इंजिन बरोबर आहे,” शहाता म्हणाला. “दिवा खोटं बोलतोय. का बोलतोय ते बघू.”

त्यानंतर त्यानं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. दुसरा कुणी असता तर पॅनेल फोडून वायरींचं शेवयांसारखं वेटोळं बाहेर काढलं असतं. यानं एक स्क्रूसुद्धा खोलला नाही. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, दुसरी केबिनच्या पत्र्याला. “पंखा बंद, लबीबकाका.” शून्याच्या आसपास. “पंखा चालू.” तीन व्होल्ट. एवढंच! मग मला समजावलं, जराही शहाणपणा न मिरवता. केबिन रबरावर बसलेली असते. पंख्याची, पॅनेलची सगळी वीज परत बॅटरीकडे जायला एकच जाड तार, केबिनपासून सांगाड्यापर्यंत. ती वाट तुंबली की पंखा लावल्यावर केबिनमध्ये विजेची पातळी चढते, आणि बिचाऱ्या पॅनेलला इंजिनचं माप चुकीचं दिसतं.

“आता बघा,” म्हणून त्यानं एक मोकळी जाड केबल घेतली, एक चिमटा केबिनला, दुसरा बॅटरीला. दिवा विझला. पंखा गरगरतोय आणि दिवा विझलेला! चिमटा काढला, लागला. लावला, विझला. अहो, एकवीस वर्षांत मी इतकं स्वच्छ काम पाहिलं नव्हतं. मनात आलं, उठावं आणि या काटकुळ्याच्या हाताचा मुका घ्यावा. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

मग तो केबिनखाली सरपटत गेला आणि त्या तारेचा बोल्ट सोडला. मीही पालथा पडून बघत होतो. तारेच्या टोकाखाली, जिथे उघडं चकचकीत लोखंड हवं, तिथे रंग होता. नवा, जाड, पिवळाधम्मक. केबिन बसवताना ते टोक ओल्या रंगावर कुणी आवळलं होतं? शेडमध्ये केबिनच्या बोल्टांना मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

शहातानं माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं. पॉलिश पेपरनं रंग खरवडला, लोखंड उघडं केलं, तार आवळली, वरून ग्रीस थापलं. मीटर शून्यावर.

हाजी आले. मागून ट्रकवालेही गोळा झाले. “काय होतं?”

“केबिनची तार नीट लागत नव्हती, हाजी,” शहाता म्हणाला. “खाणीत हादरे बसतात. होतं असं.”

मला झाकलं त्यानं. मी त्याला काय काय बोललो होतो, तरी झाकलं.

“चला, सुटलो!” हाजी म्हणाले. “लबीब, चढ रे वर. ट्रक खोळंबलेत.”

लबीब जागचा हलला नाही. “हाजी, इंजिन जाळलंस असं तुम्ही या सगळ्यांसमोर म्हणालात.”

हाजी खाकरले, हातातल्या तसबीहचे मणी चाळवले. “झालं गेलं. हादऱ्यांना कुणी काय करणार? चढ.”

लबीब गादी काखेत धरून उभाच. त्याचा चेहरा मला बघवेना. दिवा खोटा ठरला होता, पण सव्वीस वर्षांच्या नावावरचा डाग कुणाच्या तरी तोंडून पुसला जायला हवा होता. हादरे थोडेच बोलणार?

“हादरे नाहीत,” मी म्हणालो. “मी रंगावर तार आवळली. माझी चूक. लबीब पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता आणि मी त्याची टिंगल केली.”

शहाता खाली वाकून आपली हत्यारं पिशवीत भरत होता. लबीबनं गादी सीटवर ठेवली, वर चढला, तेल आधीच बघून ठेवलं होतं, चावी फिरवली. इंजिन धडधडलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यानं मला हाक मारली.

“मितवल्ली! मोठ्यानं सांग! मागच्या ट्रकवाल्यांना ऐकू नाही आलं!”

मी हातातला पाना खाली ठेवला, ट्रकांच्या रांगेबरोबर पार शेवटपर्यंत चालत गेलो, आणि प्रत्येक खिडकीखाली थांबून ओरडून सांगितलं.