मार्यात्ताचा पुल्ला

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या मराठी मंडळात कुणी ‘घरची आठवण येते का गं?’ असं विचारलं, की अक्षया ‘येते ना’ म्हणायची. विचारणारीला वाटायचं, नागपूर. मग बोलणं संत्राबर्फीवर जायचं. अक्षयाच्या डोळ्यांपुढे मात्र फिनलंडमधलं औलू असायचं. तिथली बिल्डिंग, आणि समोरच्या दारातली मार्यात्ता.

इंद्रजितच्या नोकरीमुळे लग्नानंतर ती औलूला गेली होती. तनू तिथेच झाली, ऐन डिसेंबरात, दिवस उजाडतो न उजाडतो तोच मावळायचा तेव्हा. बाळंतपणाला आई येणार होती, पण तिचा व्हिसाच झाला नाही. इंद्रजित कामावर परतला त्या दिवशी अक्षया बाळाला मांडीवर घेऊन रडत बसली होती. बाळही रडत होतं. तेवढ्यात बेल वाजली. घरोघर टपाल वाटून निवृत्त झालेली, सत्तरी ओलांडलेली मार्यात्ता दारात उभी होती. तिने बाळ घेतलं आणि अक्षयाला पलंगाकडे बोट दाखवलं.

अक्षयाला जाग आली तेव्हा घरभर वेलदोड्याचा वास सुटला होता. अर्धवट झोपेत तिला वाटलं, आई आली. ओट्याजवळ मार्यात्ता होती, खांद्यावर तनू, आणि ओव्हनमधून नुकताच काढलेला वेणीचा गोड पाव. पुल्ला.

पुढे तो अक्षयाही शिकली. कोमट दुधात यीस्ट, साखर, जाडसर कुटलेला वेलदोडा, मग मैदा, आणि लोणी अगदी शेवटी. ती मळता मळता थांबली की मार्यात्ता म्हणायची, “विएला.” म्हणजे अजून. दोघींना एकमेकींची भाषा मोडकीतोडकीच यायची, पण तनू मात्र मार्यात्ताशी घडाघडा फिनिश बोलायची, तिला मुम्मो म्हणायची. तिथे आजीला तसंच म्हणतात.

तनू चार वर्षांची असताना इंद्रजितला इंग्लंडमध्ये जॉब मिळाला. सुरुवातीला दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. हळूहळू तनू फिनिश विसरली आणि कॉलवर नुसते हात हलवले जाऊ लागले. मग मार्यात्ताचा फोन लागेनासा झाला. तिच्या भाच्याचा मेसेज आला, की ती पडली, आता वृद्धाश्रमात असते, बरंच विसरायला लागली आहे.

त्या शनिवारी अक्षयाने पुल्ला करायला घेतला. तनू स्टुलावर चढून बघत होती.

“आई, कधी होणार हा? मला भूक लागला.”

“लागली. मुम्मो करायची ना, तोच आहे हा.”

“मुम्मो म्हणजे ती फोनवाली लेडी?”

 पिठाचे तीन पेड करून अक्षयाने वेणी घातली, वर अंडं लावलं आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. पाव छान फुगला, तनूने दोन तुकडे खाल्ले, इंद्रजितनेही वाखाणला. पण अक्षयाने आपला तुकडा तसाच ठेवला.

“उन्हाळ्यात मला औलूला जायचंय,” ती म्हणाली.

“नागपूरची तिकिटं बघतोय मी. एकदाच तर मोठी लीव्ह मिळते. तुझ्या आईंना काय सांगणार?”

“तेच कळत नाहीये.”

शेवटी तिनेच आईला फोन लावला. लताबाईंनी नेहमीसारखं “जय भीम, बेटा” म्हटलं आणि लगेच विचारलं, “काय झालं? काहून रडून राहिलीस?”

अक्षयाने सगळं सांगितलं. सांगताना तिला फार अपराधी वाटत होतं. आई वर्षभर वाट बघते, आणि आपण एका परक्या बाईकडे जायचं म्हणतोय.

लताबाई म्हणाल्या, “परकी काहून? माझं काम तिनं केलं. मी इथे रात्रंदिवस तळमळत होते तेव्हा माझी नात तिच्या खांद्यावर होती. मी धडधाकट आहे, पुढच्या वर्षी ये. आधी तिच्याकडे जा.”

जुलैत ते तिघं औलूला गेले. भाड्याच्या फ्लॅटमध्ये अक्षयाने सकाळी पुल्ला केला आणि कापडात गुंडाळून गरम गरमच वृद्धाश्रमात घेऊन गेली. मार्यात्ता खिडकीजवळ बसली होती. खूप बारीक झाली होती. तिने अक्षयाकडे पाहून अनोळखी माणसाकडे बघून हसावं तसं हसून दाखवलं.

अक्षयाने तुकडा तिच्या हातात दिला. मार्यात्ता बराच वेळ चघळत राहिली. मग बोलू लागली. तिथली नर्स इंग्लिशमध्ये सांगत गेली, “ती म्हणतेय, आमच्या समोरची मुलगी करते असा. मीच शिकवला तिला. ती बाळाला घेऊन गेली, लांब. अजून आली नाही.”

“तिला सांगा ना, मीच ती.”

नर्सने वाकून, मोठ्याने सांगितलं. मार्यात्ताने अक्षयाला निरखून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. ती मुलगी अगदी कोवळी होती, म्हणाली.

अक्षया आठवडाभर रोज जात राहिली. मार्यात्ता रोज तिला नव्याने त्या मुलीबद्दल सांगायची, आणि अक्षया तिचा हात हातात घेऊन ऐकायची. तिसऱ्या दिवसापासून तनू आपणहून मार्यात्ताच्या शेजारी बसू लागली. दोघी न बोलता पाव खायच्या.

निघायच्या आदल्या दिवशी लताबाईंचा फोन आला.

“ओळखलं का गं तिनं?”

“नाही,” अक्षया म्हणाली. “पण माझी वाट बघतेय, आई.”

 लताबाई म्हणाल्या, “तनूला दे जरा फोन. आता रोज देत जा.”