कूलरच्या आवाजात बुडालेले ‘नको’

गवताच्या काडीच्या टोकाशी पाण्याचा थेंब आधी गोल होतो, मग लांबट होतो, क्षणभर थरथरतो आणि सुटतो. लगेच त्याच्या जागी दुसरा तयार होऊ लागतो. गवतात उरलेले पाणी वाऱ्याने सुकते, सुकताना हवेतली उष्णता शोषून घेते, आणि तुम्ही म्हणता, “वा, काय गार वाटतंय!”

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. करमाडजवळच्या एका शेडमध्ये माझा पत्रा कापला, वाकवला आणि पिवळट रंगवला गेला. तेथून मी संभाजीनगरला सुलेखाताईंच्या घरी आलो. त्या शाळेत विज्ञान शिकवत. नळाला पाणी येण्याचा वार पाहून कपडे भिजवणारे हे घर. पण माझी टाकी त्यांनी कधी कोरडी पडू दिली नाही.

निवृत्तीनंतरही संध्याकाळी गल्लीतली मुले त्यांच्याकडे येत. “एक हात ओला, एक कोरडा! धरा कूलरसमोर! फरक काय?” माझ्या आवाजावर मात करत त्या विचारत, तेव्हा समोरच्या इमारतीतूनही कुणी उत्तर देई.

हिवाळ्यात मात्र मी गच्चीवर जुन्या चादरीखाली पडून असे. कबुतरांशिवाय कुणी फिरकत नसे. त्याचा राग नाही. पण हंगाम संपला की आमची टाकी कोरडी करा, गवत बदला, गंजाच्या ठिपक्यावर वेळीच रंग लावा. ठिपका लहान असतो तेव्हाच हे काम सोपे असते.

माणसेही मी बरीच पाहिली. “मला नाही हो गरम होत,” म्हणणारा पाहुणा गप्पांच्या ओघात खुर्ची माझ्याकडे सरकवत आणतो. आणि ज्याला ऐकायचे नसते, त्याला माझा आवाज फार मोठा वाटतो.

सुलेखाताईंचे मोठे भाऊ मोतीरामदादा दर उन्हाळ्यात गंगापूरहून आंबे घेऊन येत. त्यांनीच बहिणीला कॉलेजात घातले होते, प्रत्येक सुट्टीत एसटीने आणायला जात. आता त्यांचे एकच म्हणणे होते, “सुले, एकट्या बाईनं हितं काय करायचं? गावाकडं चल.”

मुलांसमोर खणखणीत असणारा ताईंचा आवाज दादांपुढे ताटातल्या भाताशी बोले. “नको दादा,” त्या पुटपुटत. मी घरघरत असे.

“काय म्हनली?” दादा पत्नीला, सारजाबाईंना विचारत.

“काय की! वन्सं, कूलर हाय का पिठाची गिरणी?”

“‘नाय’ तर म्हनली नाय ना? मग झालं!”

असे कितीतरी उन्हाळे गेले. यंदा दादा आले ते हसतच. “गावाकडं तुज्या खोलीला रंग दिलाय. सकाळी टेम्पो येतोय. ह्यो डबा बी घेऊ संगं.”

‘डबा’ म्हणजे मी. माझी मोटार क्षणभर अडखळलीच.

ताईंच्या हातातला आंबा तसाच राहिला. एवढ्यात दार वाजले. मुले आली होती, एकेकाचा एक हात आधीच ओला.

“आज सुट्टी रे पोरांनो,” दादा म्हणाले. “उद्यापास्नं बी सुट्टीच. बाई गावाला चालल्या.”

मुलांनी ताईंकडे पाहिले. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि भर मे महिन्यात त्यांनी माझे बटण बंद केले. पंखा मंद होत थांबला. टाकीत एक थेंब पडल्याचे सगळ्यांना ऐकू आले.

“आगं, उकडून मारतीस का?” दादा म्हणाले.

मी गप्प होतो. ताईंनी मात्र सवयीने आवाज चढवला, मुलांसमोर असतो तेवढाच. समोरच्या इमारतीतली एक खिडकी उघडली.

“दादा, मी गावाकडं येणार नाही! मी इथंच राहणार! आंबे तेवढे घेऊन येत जा!”