टोप भरलेला, टोप रिकामा

माझी पुतणी मृणाली मुंबईला चित्रांच्या कॉलेजात होती. २००७ साली तिला परीक्षेला एक भानगड दिली, गेम थिअरी. दोघांनी एकमेकांशी कसं वागायचं त्याचे डाव, आणि ते एकही अक्षर न लिहिता चित्रांतून समजवायचे. मला अक्षर येत न्हाय, म्हणून बाईसाहेब आमच्या वळ गावात येऊन माझ्याच ओटीवर कागद पसरून बसल्या.

आधी तिनं दोन चोर काढले. म्हटलं, "चोरांचं मला काय कळतंय? टोप काढ."

आमच्यात शेजारणीचा टोप रिकामा परत करत न्हाईत. कालवण आलं तर निदान घावणे घालून पाठवायचे. मृणाली खूश. भरलेला टोप म्हणजे काळा गोल, रिकामा म्हणजे नुसती रेघ. समोरचीनं केलं तेच आपण करायचं, हा डाव. पहिल्या ओळीत सगळे काळे गोल. मग तिनं मुद्दाम एक रिकामा काढला, आणि तिथून कागद संपेस्तोवर दोन्हीकडं रिकामेच.

"एका चुकीला एवढं?"

"दोघी नियमानंच चालल्यात, काकी. एकीनं भरलेला पाठवल्याशिवाय थांबायचं न्हाय."

"मग तिनं पाठवावा."

"तीपण तिच्या घरात हेच म्हणते."

मला कमळा आठवली. शेजारची कमळा आणि मी एकाच साली सुना होऊन आलो. तीन वर्षांमागं तिच्याकडून माझा टोप रिकामा आला आणि मी बोलणंच टाकलं. तीही घुम्यासारखी गप्प. आता उद्या ती काल्हेरला बिल्डिंगीत राहायला चालली होती. माझी एकुलती मैत्रीण, तशीच गेली असती.

उठले, कोलबीचं कालवण टोपात ओतलं आणि गेले.

कमळा बोचकी बांधत होती. म्हणाली, "घावणे कसे झालेले ते सांगायला तीन वर्षं लागली काय गं, गुणे?"

"कसले घावणे?"

"भावजींच्या हातात दिलेले. सहा."

आमचे हे! वाटेत सगळे खाऊन, नळावर टोप धुवून आणला होता माणसानं. हसावं का बडवावं कळेना. दोघी खाली बसून हसलो, मग रडलो.

निघताना टोप मागितला. कमळानं कालवण काढून घेतलं, टोप धुतला आणि आपल्या बोचक्यात कोंबला. "हा न्हाय मिळायचा. न्यायला काल्हेरला ये."

घरी मृणाली पेन्सिल धरून तयार. "भरलेला आला का रिकामा?"

"आलाच न्हाय," म्हटलं, आणि मला परत रडू फुटलं.