पाळीच्या निरोपाचा साचा

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. लाकडाचा वा मातीचा नव्हे, संगणकातला. सानगडीच्या मच्छीमार संस्थेसाठी खुशबूने मला लिहिले. उद्या तलावात जाळे टाकायची पाळी कुणाची, हा निरोप माझ्यावरून तयार होऊन सगळ्या सभासदांच्या मोबाइलवर जातो. नावाची जागा माझ्यात रिकामी असते. ती कशी भरायची याची रीत, म्हणजे मेथड, तीही माझ्यातच लिहिलेली आहे.

पण मी स्वतः चालत नाही ना! संगणकातला दुसरा एक प्रोग्राम मला वाचतो. माझ्यातली प्रत्येक मेथड उचलून तो तिचे पायथॉन या संगणकाच्या भाषेतले फंक्शन करतो, माझे साधे शब्द अवतरणचिन्हांत बांधतो, ओळी आत सरकवून नीट लावतो. अशी जी फाइल तयार होते तीच धावते, आणि कौतुकही तिचेच होते. माझ्या पोटची ती, तरी तिला पाहिले की माझा नुसता जळफळाट होतो.

गेल्या वर्षी संस्थेचा एक सभासद, तुलाराम, वारला. त्याची पाळी बायकोला, गोदावरीबाईला मिळाली. माझी मेथड मात्र आधी नोंदलेले नावच उचलायची. खुशबूच्या मदतीला आलेल्या अमरने दुरुस्ती केली, पण थेट त्या पायथॉनच्या फाइलीत! माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. निरोप बरोबर जाऊ लागला, अमरला शाबासकी मिळाली, आणि मी धुमसत राहिलो.

दिवाळीला खुशबूने माझ्यात शुभेच्छांची एक ओळ घातली. मी बदललो म्हणून त्या प्रोग्रामने मला पुन्हा वाचले आणि ती फाइल नव्याने लिहिली. अमरची दुरुस्ती साफ पुसली गेली. बरी जिरली, असेच मला वाटले.

दुसऱ्या दिवशी गोदावरीबाई रिकामी टोपली घेऊन संस्थेच्या दारात उभी राहिली.

"मेलेल्या मानसाले पाळी काहून देऊन राहिली वो, पोरी? मले जाळं टाकू नाई देलं. म्हनते, मोबाइलवर तुलारामचं नाव हाये."

खुशबूचा चेहराच उतरला. "अमर, त्या फाइलीत नाई, साच्यात बदलाचं होतं रे," असे म्हणून तिने मला उघडले आणि मेथड माझ्यातच सुधारली. गोदावरीबाईला नवी पाळी मिळाली. निरोप तिच्या नावाने गेला, आणि अमर पुन्हा त्या फाइलीलाच "मस्त चालून राहिली" म्हणाला.

मित्रांनो, माझा हेवा काही गेलेला नाही. पण तुम्ही काही सुधाराल, तर ते जिथून तयार होते तिथेच सुधारा. वरवर केलेले पुसले जाते, आणि त्याबरोबर एखाद्या गोदावरीबाईचे नावही जाते.